कारभारीण गावापुरतीच?

कोल्हापूर जिल्ह्यातून विधानसभेवर दहा आमदार जातात. २०२४ च्या निवडणुकीत निवडून आलेले दहाच्या दहा पुरुष आहेत. निकालाच्या दिवशी गुलालाने माखलेल्या या शहरात कोण पडला, कोणी कोणाला पाडले, याचा कीस पाडून झाला. पण दहांत एकही बाई नाही, याबद्दल कोणी हळहळल्याचे मला आठवत नाही. कावळा नाक्यावर घोड्यावर स्वार झालेल्या ताराराणीला वळसा घालूनच आपण शहरात शिरतो, आणि १९०२ साली राखीव जागांचा हुकूम काढणाऱ्या शाहूराजांचे नाव आपल्या प्रत्येक सभेत घेतले जाते. हा वारसा भाषणापुरता नसेल, तर हे घडते कसे?

बायकांना कारभार जमत नाही, हे कारण आता कोणी देऊ नये. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली आणि गावोगावच्या ग्रामपंचायतींत एक तृतीयांश जागा बायकांकडे गेल्या. २०११ पासून महाराष्ट्रात हे प्रमाण निम्म्यावर आले. सुरुवातीला सरपंचबाई सही करायच्या आणि कारभार त्यांचे यजमान पाहायचे, हे खरे आहे. काही गावांत अजूनही तसेच चालते. पण ज्यांनी आपल्या गावचा कारभार जवळून पाहिला आहे, त्यांना हेही ठाऊक आहे की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बाई स्वतः ग्रामसेवकाला प्रश्न विचारू लागते. पाण्याची टाकी, शाळेची गळकी खोली, दारूचे दुकान हे विषय सभेत येऊ लागतात. पुढे मात्र आरक्षणाचे चक्र फिरते, जागा खुली होते, आणि पाच वर्षे शिकलेली बाई पुन्हा चुलीपाशी. पुरुष सरपंच पंचायत समितीकडे, जिल्हा परिषदेकडे पाहू लागतो; बाईला ‘तुमची टर्म झाली’ असे सांगितले जाते.

पुढची वाट अडते ती कुठे? माझ्या मते साखर कारखान्याच्या फाटकापाशी. आपल्याकडे आमदारकीचा रस्ता कारखाना, जिल्हा बँक आणि दूध संघ यांच्यातून जातो. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांत बायकांसाठी दोन जागा राखीव आहेत, आणि त्या दोन जागांवर कोणाच्या घरच्या बायका बसतात हे सांगण्याची गरज नाही. उसाची लावण, भांगलण करणारी बाई सभासदांच्या यादीत क्वचितच असते, कारण सातबारावर तिचे नाव नसते. जमीन नाही म्हणून शेअर नाही, शेअर नाही म्हणून मत नाही, आणि मत नाही म्हणून तिकीट नाही.

ज्या मोजक्या जणी वर पोहोचल्या, त्यांचीही वाट पाहा. निवेदिता माने १९९९ आणि २००४ मध्ये इचलकरंजीतून लोकसभेत गेल्या. त्यांचे सासरे बाळासाहेब माने खासदार होते. संध्यादेवी कुपेकर २०१३ च्या पोटनिवडणुकीत चंदगडमधून आणि जयश्री जाधव २०२२ च्या पोटनिवडणुकीत कोल्हापूर उत्तरमधून आमदार झाल्या, त्या पतीच्या निधनानंतर. त्यांच्या कर्तृत्वाला मी उणे लेखत नाही. दोष दाराचा आहे. ते घरात कोणी गेल्याशिवाय उघडतच नाही.

योगायोग असा की, त्याच २०२२ साली, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. सरपंच पुरुष होते. पण ठराव मांडणारी आणि त्याला अनुमोदन देणारी, दोघीही बायका होत्या. दोन आठवड्यांच्या आत राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांना हा कित्ता गिरवायला सांगितले. एका खेड्यातल्या दोन बायका बोलल्या आणि मंत्रालय हलले!

हे दुखणे आपल्या एकट्याचे नाही. मॉरिशस हे उसाचे बेट. आपल्या कोकणातून मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज तिथे आजही मराठीपण जपून आहेत. तिथे २०११ च्या कायद्याने स्थानिक निवडणुकांत एकाच लिंगाचे दोन तृतीयांशांहून अधिक उमेदवार देण्यास पक्षांना मनाई केली. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत नगरसेविकांची संख्या वाढली. संसदेला मात्र ही अट लावली नाही! पॅसिफिक महासागरातल्या सामोआने २०१३ मध्ये संसदेत किमान दहा टक्के बायका हव्यात असे घटनेतच लिहिले. २०२१ मध्ये ५१ जणांच्या सभागृहात पाच जणी निवडून आल्या. पाच म्हणजे ९.८ टक्के. मग सहावी हवी की नको, यावर प्रकरण न्यायालयात गेले, कारण त्या एका जागेवर सरकार कोणाचे हे ठरणार होते. शेवटी पंतप्रधान झाल्या त्या फियामे नाओमी माताआफा, त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान.

आपल्या लोकसभेत २०२४ मध्ये ५४३ पैकी ७४ जणी निवडून आल्या, महाराष्ट्राच्या ४८ पैकी सात. एक तृतीयांश जागांचे विधेयक पहिल्यांदा १९९६ साली आले आणि कायदा झाला २०२३ मध्ये, सत्तावीस वर्षांनी. त्यातही अट अशी की आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, आणि त्यानंतर आरक्षण. शिवाय राज्यसभा आणि विधान परिषद यांना तो लागूच नाही. परंतु पक्षांना आपणहून तिकिटे देण्यास कोणत्या जनगणनेने अडवले आहे? जिल्ह्यात माजी सरपंच, सभापती, जिल्हा परिषद सदस्य राहिलेल्या बायकांची यादी कोणत्याही पक्षाच्या कार्यालयात एका दुपारी तयार होईल.

तशी यादी कोणी केल्याचे ऐकिवात नाही. हिशेब मात्र सुरू झाले आहेत. आरक्षणाची बेरीज राज्याची होणार, तरी दहाचे तृतीयांश तीन धरायचे की चार, कोणता मतदारसंघ जाईल, आणि तो गेलाच तर कोणाच्या सूनबाईंना आतापासून हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमांना फिरवायला हवे, याची चर्चा मी चहाच्या टपरीवर स्वतः ऐकली आहे. बोलणारे सगळे पुरुष होते.