दहा ओहमांचा हिशेब

पेढीमागच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे कापडाखाली झाकून ठेवलेली आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याचे जेव्हा घरात ठरते, तेव्हा इंजिन, ब्रेक, टायर, रंग आणि आसनांचे कापड यांवर पुष्कळ चर्चा होते. रेडिओची पाळी सर्वांत शेवटी येते. बटण फिरवले की तबकडीमागचा पिवळसर दिवा लागतो, थोडी खरखर होते आणि कोणीतरी फाटक्या आवाजात बोलत आहे, एवढेच कळते. रेडिओ शाबूत असतो. जीर्ण झालेला असतो तो स्पीकर. डॅशबोर्डवरच्या जाळीखाली उन्हात तापून त्याचा कागदी कोन ठिसूळ झालेला आणि कडेने फाटलेला असतो. मग घरातील एखादा उत्साही तरुण बाजारातून नवा स्पीकर आणतो. त्याच्या खोक्यावर ‘३०० वॅट’ असे ठळक छापलेले असते. दोन तारा जोडल्या जातात, आवाज चढवला जातो, आणि कित्येकदा असे होते की थोड्याच वेळात रेडिओ कायमचा मुका होतो. जो साठ वर्षे टिकला, तो दुरुस्तीच्या पहिल्याच दिवशी जातो.

दोष तरुणाच्या हौसेचा नसतो. आज गाड्यांसाठी विकला जाणारा बहुतेक प्रत्येक स्पीकर ४ ओहमचा असतो. किंबहुना तो तसाच असायचा हे विक्रेत्यालाही इतके अंगवळणी पडलेले असते की तो ओहमचा विषय काढतच नाही. परंतु साठच्या दशकातील शेव्हरोलेसारख्या गाडीतील मूळ रेडिओला हा आकडा चालत नाही. जनरल मोटर्सच्या गाड्यांचे रेडिओ अमेरिकेतील इंडियाना राज्यात, कोकोमो या गावी, त्या कंपनीच्याच डेल्को विभागात तयार होत. ट्रान्झिस्टर आल्यानंतरच्या या संचांची रचना १० ओहमचा स्पीकर गृहीत धरून केलेली होती. मुंबईशी या गाड्यांचा संबंध जुना आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला होता, आणि तो बंद झाल्यावरही इंपालासारखी गाडी दारात उभी असणे हे या शहरात वैभवाचे लक्षण मानले जाई.

ओहम म्हणजे प्रवाहाला होणाऱ्या रोधाचे माप. रोध जितका कमी, तितका प्रवाह अधिक. ज्या विद्युत्दाबाला १० ओहमचा स्पीकर एक भाग प्रवाह घेतो, त्याच दाबाला ४ ओहमचा स्पीकर अडीच भाग मागतो. ही मागणी पुरी करण्याचे काम संचातील एकट्या शेवटच्या ट्रान्झिस्टरकडे असते. डेल्कोच्या अनेक संचांत तेथे ‘डीएस-५०१’ हा जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर बसवलेला असे. जर्मेनियमचा स्वभाव असा की, तो तापला की त्यातून गळणारा प्रवाह वाढतो आणि प्रवाह वाढला की तो आणखी तापतो. व्याजावर व्याज कसे चढते, हे व्यापारी घरात निराळे सांगावे लागत नाही. संचाच्या निर्मात्यांनी या धोक्यावर उपायही केला होता. ट्रान्झिस्टरच्या वाटेवर एक लहानसा रोधक असे ठेवलेला, जो प्रवाह मर्यादेबाहेर गेला की स्वतः जळून पुढचे नुकसान टाळतो. एखाद्या सज्जन जामीनदारासारखा. अनेक जुन्या संचांत मात्र मागे कधीतरी कोणा कारागिराने तो काढून तेथे साधी तार जोडलेली आढळते. म्हणून नवा स्पीकर आणण्यापूर्वी जाणकाराकडून संच उघडून ही एक गोष्ट पाहून घेणे शहाणपणाचे.

आता खोक्यावरच्या वॅटविषयी. वॅटचा मोठा आकडा पाहून ग्राहक भुलतो. वास्तविक तो स्पीकर किती शक्ती सोसू शकेल याची ती कमाल मर्यादा असते, आणि तीही बहुधा क्षणभरापुरती. पतमर्यादा म्हणजे खात्यातील शिल्लक नव्हे. जुन्या संचाची स्वतःची शक्ती जेमतेम तीन ते पाच वॅट. एवढ्या अल्प भांडवलावर जो स्पीकर जास्तीत जास्त आवाज देईल तो खरा उपयोगाचा, आणि ते कळते खोक्यावरच्या दुसऱ्याच एका आकड्यावरून, ज्याकडे सहसा कोणी पाहत नाही. तो आकडा डेसिबलमध्ये असतो आणि ‘१ वॅट, १ मीटर’ असे त्याच्याशेजारी लिहिलेले असते. दर ३ डेसिबलच्या वाढीला शक्ती दुप्पट केल्याइतका लाभ होतो. म्हणजे ९२ डेसिबलचा स्पीकर तीन वॅटवर जेवढा आवाज देईल, तेवढा आवाज देण्यास ८६ डेसिबलच्या स्पीकरला बारा वॅट लागतील, आणि ते बारा वॅट बिचाऱ्या रेडिओजवळ नसतातच. जाड रबरी किनार आणि जड कोन असलेले आधुनिक स्पीकर या कसोटीवर बहुधा मागे पडतात. हलक्या कागदी कोनाचे साधे स्पीकर पुढे असतात. तारस्वरांसाठी मध्यभागी बसवलेल्या छोट्या जादा स्पीकरचाही येथे उपयोग नाही. मध्यम लहरींवरील प्रक्षेपणात फार वरचे स्वर मुळातच नसतात. त्यामुळे त्या जादा स्पीकरमधून गाणे खुलत नाही, खरखर मात्र अधिक स्पष्ट ऐकू येते.

मग पर्याय कोणते? १० ओहमचा, जुन्या मापाचा नवा स्पीकर अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांकडे मिळतो. खर्च व वाहतूक यांची तयारी असेल तर प्रश्नच मिटतो. ८ ओहमचा स्पीकर येथे सहज मिळतो आणि तोही चालतो. १० व ८ यांतील अंतर संच निभावून नेतो. एकाच चौकटीत दोन कॉइल असलेला स्पीकर असेल आणि प्रत्येक कॉइल ४ ओहमची असेल, तर त्या एकामागून एक जोडल्या की ८ ओहम होतात. मात्र त्याच दोन कॉइल शेजारी-शेजारी जोडल्या तर बेरीज न होता २ ओहम उरतात आणि रेडिओचा घात होतो. मागील आसनामागे दुसरा स्पीकर बसवण्याची हौस असणाऱ्यांनीही हाच हिशेब ध्यानात ठेवावा. काही जण ४ ओहमच्या स्पीकरच्या वाटेत ६ ओहमचा रोधक घालतात. एकूण १० होतात, संच सुरक्षित राहतो. पण शक्तीचा शंभरातील साठ भाग त्या रोधकाला तापवण्यात जातो आणि आधीच हलका असलेला आवाज अधिक हलका होतो. हा तोट्याचा सौदा आहे.

ट्रान्झिस्टरपूर्वीच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या संचांची गोष्ट वेगळी. त्यांत शेवटी ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यांतील बहुतेकांना तीन-चार ओहमचाच स्पीकर लागतो. त्याहून जुन्या काही संचांत स्पीकरला कायमचा लोहचुंबक नसून बॅटरीवर चालणारा विद्युत्चुंबक असतो. अशा स्पीकरला दोनऐवजी चार तारा दिसल्या तर गोंधळून जाऊ नये, आणि त्या कापूही नयेत. म्हणूनच अमुक एक आकडा सर्वांना लागू आहे असे समजणे घातक ठरते. ॲम्बेसेडर किंवा प्रीमिअर पद्मिनीमध्ये तर रेडिओ कारखान्यातून आला की नंतर दुकानातून बसवला गेला, हेच पुष्कळदा घरात कोणाला आठवत नाही. तेव्हा संचाच्या पत्र्यावर काही छापलेले आहे का ते पाहावे, आणि मूळ स्पीकरची कॉइल शाबूत असेल तर ती मल्टिमीटरने मोजावी. मापक नेहमी छापील आकड्यापेक्षा थोडे कमी दाखवतो: ८ ओहमच्या स्पीकरला सहा-सात, ४ ओहमच्याला साडेतीनच्या आसपास. त्यावरून मूळ आकडा ओळखता येतो.

आकाराचा प्रश्न उरतो. त्या काळच्या अनेक शेव्हरोले गाड्यांत ४ बाय १० इंचांचा लांबट अंडाकृती स्पीकर डॅशबोर्डखाली, काचेकडे तोंड करून बसवलेला असे. लांबी-रुंदी जुळली म्हणून समाधान मानू नये, खोलीही मोजावी. नव्या स्पीकरचे चुंबक जाड असते आणि ते आतल्या हवेच्या नळीला किंवा वायपरच्या दांड्यांना अडते. अशा वेळी डॅशबोर्डचा पत्रा कापण्याचा किंवा दारांना भोके पाडून तेथे स्पीकर बसवण्याचा सल्ला देणारे कारागीर भेटतात. स्पीकर उद्या बदलता येतो. कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही, आणि जुन्या गाडीचे मोल ज्या मूळपणात असते त्यातून तेवढी वजाबाकी कायमची होते.

खरे पाहता पहिला विचार मूळ स्पीकरच दुरुस्त करण्याचा व्हावा. चौकट आणि चुंबक बहुधा धडधाकट असतात. गेलेला असतो तो कोन. लाउडस्पीकर दुरुस्त करणारे कारागीर अजून अनेक गावांत आहेत, आणि ते नवा कोन व कॉइल बसवून देतात. त्यांना कॉइल किती ओहमची हवी हे लिहूनच द्यावे, नाहीतर हाताशी असलेली बसवली जाते. कोन नुसताच थोडा फाटला असेल तर पातळ कागदाची पट्टी आणि सौम्य गोंद एवढ्यावरही काम भागते.

काही घरांत याउलट रेडिओचा मूळ चेहरा ठेवून आतील सगळी यंत्रणा नवी केली जाते, म्हणजे एफएम ऐकू येईल, मोबाइलही जोडता येईल. तो मार्ग पत्करला तर वरचा सारा हिशेब उलटतो. नव्या यंत्रणेला बहुधा ४ ओहमचाच स्पीकर लागतो आणि मूळ १० ओहमच्या स्पीकरमधून आवाज कमी येतो. काढलेले मूळ भाग तेवढे जपून ठेवावेत.

जोडणी करताना रेडिओ बंद असावा, आणि स्पीकर जोडल्याशिवाय तो क्षणभरही सुरू करू नये. भार नसताना उसळणारा दाब ट्रान्झिस्टरला, व्हॉल्व्हच्या संचात ट्रान्सफॉर्मरला, मारक ठरतो. स्पीकरच्या दोन्ही तारा मूळ जागीच जोडाव्यात. जवळ आहे म्हणून एखादी तार गाडीच्या पत्र्याला टेकवू नये. पहिल्या दिवशी आवाज मंद ठेवून अर्धा तास ऐकावे. संचाच्या मागे जेथे शेवटचा ट्रान्झिस्टर धातूच्या पंखांवर बसवलेला असतो, तेथे अधूनमधून हात लावून पाहावा. मंद आवाजातही तेथे चांगली ऊब असते, तो या संचांचा स्वभावच आहे. बोट टेकवणे अशक्य होईल इतके चटके बसू लागले, तर रेडिओ तत्काळ बंद करून मल्टिमीटर पुन्हा हाती घ्यावा.