एक नामावलि, अनेक दारें

हल्लीं सुशिक्षित कुटुंबांत एकादा मुलगा, लेक किंवा सून संगणकाच्या व्यवसायांत नाहीं असें घर विरळाच. पंक्तीला बसल्यावर त्यांच्या बोलण्यांत ‘क्लाउड डिरेक्टरी’ हा शब्द येतो, आणि वडील मंडळी तो ऐकून सोडून देतात. परंतु ज्या गोष्टीवर संस्थेचें गुपित व माणसाची अब्रू अवलंबून आहे, ती समजून घेणें अवघड नाहीं. म्हणून या महिन्यांत आम्ही तिचाच विचार करणार आहों.

डिरेक्टरी म्हणजे संस्थेंतील माणसांची अधिकृत नामावलि. कोण कोणत्या खात्यांत, कोणाच्या हाताखालीं, आणि अद्यापि नोकरींत आहे कीं नाहीं, हें तींत नोंदलेलें असतें. अशा नामावलीचा ‘एक्स ५००’ हा आंतरराष्ट्रीय संकेत १९८८ सालीं ठरला. तो अवजड वाटल्यामुळें अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत ‘एलडॅप’ हा सुटसुटीत प्रकार निघाला व १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. मायक्रोसॉफ्टच्या दूरस्थ नामावलीचें सध्यांचें नांव ‘एन्ट्रा आयडी’; २०२३ पर्यंत तिला ‘ॲझ्युअर ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ म्हणत.

आतां कचेरींत रजेचे अर्ज, पगारपत्रकें, ग्रंथालय अशा कामांसाठीं निरनिराळीं वेब-ॲप्लिकेशनें असतात. त्यांना माणसें ओळखतां यावीं कशीं? सोपी युक्ति म्हणजे नामावलीची नक्कल उतरून ठेवणें. परंतु नक्कल उतरली कीं त्याच घटकेपासून ती शिळी होऊं लागते. शाळेंत जनरल रजिस्टर एक आणि वर्गांचे हजेरीपट अनेक. दाखला घेऊन गेलेल्या मुलाचें नांव रजिस्टरांत कमी झालें तरी वर्गांत पुकारलें जाई, आणि मुलें हंसत. कचेरींत हंसून भागत नाहीं. तेथें नोकरी सोडून गेलेल्यास पगारपत्रकांचें दार उघडें राहतें, आणि नव्यानें आलेला मात्र बाहेर तिष्ठत बसतो.

यावर उपाय हाच कीं, ॲप्लिकेशननें दर वेळीं मूळ नामावलीसच विचारावें. एन्ट्राच्या बाबतींत ही विचारणा ‘मायक्रोसॉफ्ट ग्राफ’ या द्वारांतून होते. ॲप्लिकेशनची प्रथम नोंदणी करावी लागते, तें काय वाचणार हें सांगावें लागतें, आणि व्यवस्थापकाची, कांहीं बाबतींत खुद्द त्या माणसाची, संमति मिळाली म्हणजे त्यास ‘टोकन’ नांवाचा अल्पायुषी परवाना मिळतो. पासवर्ड ॲप्लिकेशनच्या हातीं जात नाहीं. २०१२ सालीं ठरलेल्या ‘ओऑथ २.०’ या पद्धतीचा हाच मोठा गुण. नक्कल ठेवणें अपरिहार्यच असेल, तर ‘मागील खेपेनंतर काय बदललें?’ एवढेंच वारंवार विचारून ती ताजी राखतां येते.

येथें दोन गोष्टींची सावधगिरी हवी. पहिली मागणीची. समोर आलेल्या माणसाचें नांव व खातें वाचणें एवढेंच काम असतां सर्वांची माहिती वाचण्याचा, किंबहुना ती बदलण्याचा अधिकार मागून ठेवण्याचा मोह होतो. ‘पुढें लागेल’ म्हणून घेतलेली किल्ली चोराच्याही उपयोगीं पडते. आपल्या शास्त्रकारांनीं सांगितलेला अपरिग्रह येथें तंतोतंत लागू आहे. दुसरी गोष्ट काळाची. टोकन साधारणतः एक ते दीड तास चालतें. म्हणजे नामावलींत नांव रद्द झालें तरी पूर्वीं दिलेला परवाना कांहीं वेळ जिवंत राहूं शकतो. म्हणून जेथें पैसा किंवा खाजगी कागद आहेत, तेथें परवान्यावर न विसंबतां त्या क्षणीं पुनः चौकशी करणें इष्ट.

आपल्या घरांतील तरुण असें काम करीत असतील, तर त्यांस दोन प्रश्न अवश्य विचारावे: तुमचें ॲप्लिकेशन गरजेपेक्षां अधिक तर वाचीत नाहीं ना? आणि आज सोडून गेलेल्या माणसास तें किती वेळानें ओळखेनासें होतें? यांचीं उत्तरें ज्यास चटकन देतां येतील, त्याच्या हातीं संस्थेच्या किल्ल्या खुशाल सोंपवाव्या.