मुळशीतील डास आणि आपली जबाबदारी

मुळशी म्हटले की ताम्हिणीचा पाऊस, धरणाचे पाणी आणि भातखाचरे डोळ्यांसमोर येतात. मात्र गेल्या पाव शतकात या तालुक्याला दुसरा चेहराही लाभला आहे. हिंजवडी, माण, मारुंजी या पूर्वेकडील गावांत माहिती तंत्रज्ञान उद्यानापाठोपाठ उंच इमारती उभ्या राहिल्या. 2011 च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या सुमारे 1 लाख 71 हजार होती. वस्ती त्यानंतरही वाढतच राहिली. सूस, म्हाळुंगे व बावधन बुद्रुक ही गावे 2021 मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. या वाढीबरोबर डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका पसरविणाऱ्या एडिस डासालाही हक्काचे घर मिळाले आहे.

हवामान बदलल्यामुळे डास वाढले, असे आपण सहज म्हणून जातो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांचा एक अभ्यास जानेवारी 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. 27 अंश सेल्सिअसहून अधिक तापमान, मध्यम व विखुरलेला पाऊस आणि 60 ते 78 टक्के आर्द्रता ही स्थिती पुण्यात डेंग्यूला पोषक ठरते, असे त्यात आढळले. याउलट आठवड्याला 150 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास डासांची अंडी व अळ्या वाहून जातात. तापमानवाढीमुळे पुण्यातील डेंग्यूमृत्यू नजीकच्या काळात सुमारे 13 टक्क्यांनी वाढतील आणि शतकाच्या मध्यापर्यंत त्याहून बरेच अधिक, असा या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

एकाच तालुक्यात हे दोन्ही प्रकारचे पाऊस आहेत. ताम्हिणीत तो कोसळतो. हिंजवडीकडे येईपर्यंत त्याचा जोर ओसरतो. परंतु पाऊस आणि उष्मा एवढ्यानेच साथ पसरत नाही. डास सहसा जन्मतः रोगी नसतो. आजारी माणसाला चावल्यावर विषाणू त्याच्या शरीरात वाढतो आणि मग तो दुसऱ्याला देतो. उष्म्याने ही वाढ लवकर होते. विरळ वस्तीच्या वाडीत ही साखळी तुटण्याची शक्यता अधिक. दाट वस्तीत मात्र एकच डास थोड्या वेळात अनेकांना चावू शकतो. शिवाय एडिसला गटाराचे नव्हे, तर साठवलेले स्वच्छ पाणी लागते. नळाला पाणी नाही म्हणून टँकर, टँकर आहे म्हणून पिंपे व टाक्या, आणि त्यांत अळ्या, असा हा क्रम आहे.

याचा पहिला फटका कोणाला बसतो? बांधकामावरील पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मजुराला. त्याच्या दाराला जाळी नसते, आजारपणात रोजंदारी बुडते. साथ आली की 'बाहेरच्यांनी रोग आणला' असे म्हणणारे आपल्यातही आढळतात. ज्याच्या श्रमावर आपली घरे उभी राहिली, त्याला दोषी ठरविणे ख्रिस्ती विवेकाला शोभणारे नाही, असे आम्हांस वाटते. रोग वस्तीची सीमाही ओळखत नाही. महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण जुलै 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर या खेड्यात आढळला. 2024 च्या पावसाळ्यात तोच रोग पुण्याच्या सुस्थितीतील एरंडवण्यात दिसला आणि गर्भवती माताही त्यातून सुटल्या नाहीत.

जागतिक तापमान एकट्या मुळशीकरांच्या हाती नाही. पाण्याची भांडी मात्र आहेत. अंड्यातून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळावा. भांडे नुसते उपडे करून भागत नाही. कडेला चिकटलेली अंडी कोरडेपणातही कित्येक महिने तग धरतात, म्हणून ते घासलेच पाहिजे. 2 नोव्हेंबरला आपण दफनभूमीत मृत बांधवांचे स्मरण करतो. तेथील फुलदाण्यांत पाणी साचू न देता ओली वाळू भरावी. आपल्या गृहसंकुलाशेजारी बांधकाम चालू असेल, तर तेथील मजुरांच्या पिंपांना झाकणे आणि दारांना जाळ्या मिळाल्या आहेत का, हे विचारण्याचा अधिकारही आपल्याला आहे. प्रत्येक धर्मग्रामाने पावसाळ्यापूर्वी हे काम हाती घ्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.