माल्थस, डार्विन आणि रापणीचा दोर

पावसाळा सरला की मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर रापण लागते. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडायचे आणि पुळणीवर माणसांच्या दोन रांगांनी त्याचे दोर ओढायचे, असा तिचा क्रम. या जाळ्यात सापडणाऱ्या बांगड्याची मादी हजारोंनी अंडी घालते. ती सारी जगली असती तर थोड्याच वर्षांत कुणकेश्वराच्या समोरच्या समुद्रात पाण्याला जागा उरली नसती. तसे होत नाही, कारण बहुतेक पिल्ले वाढण्यापूर्वीच मरतात. उत्क्रांतीच्या सिद्धांताला चालना देणारा विचार या साध्या हिशेबातून निघाला. मात्र तो हिशेब गाजविणारा गृहस्थ जीवशास्त्रज्ञ नव्हता. तो पाद्री होता आणि पुढे अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गांतून माल्थसचे नाव निघते ते केवळ शिवी म्हणून, आणि त्या शिवीत डार्विनही अकारण सापडतो.

माल्थसचा लोकसंख्येवरील प्रबंध १७९८ साली निघाला. माणसे दोन, चार, आठ अशी वाढतात, धान्य मात्र दोन, तीन, चार असे वाढते. तेव्हा गरिबांना मदत करणे म्हणजे त्यांची संख्या वाढवून त्यांचेच हाल लांबविणे होय, हे त्याचे प्रतिपादन. १८०५ पासून १८३४ साली मृत्यू येईपर्यंत तो हेलीबरी येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात शिकवीत होता. हिंदुस्थानात येणारे मुलकी अधिकारी तेथे तयार होत. त्यांच्यापैकीच एक रॉबर्ट कीथ प्रिंगल. खंडाचा सिद्धांत डोक्यात घेऊन तो दख्खनमध्ये आला आणि १८३० च्या सुमारास त्याने पुणे भागात जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सरकारचे, असा सारा ठरविला. कागदावर हिशेब निर्दोष होता. शेतकऱ्यांनी मात्र जमिनी टाकून वाट धरली, आणि १८३६ साली इंदापुरापासून गोल्डस्मिड व विंगेट यांना सारे काम नव्याने आरंभावे लागले.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात हेच तत्त्वज्ञान अधिक क्रूर रूपाने अवतरले. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील प्रौढ मजुराची मजुरी दिवसाला एक रत्तल धान्य व वर थोडे पैसे इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामे सोडून प्रतिकार केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. लोकसंख्या धान्यापेक्षा वेगाने वाढते, असे व्हाइसरॉय लिटन सांगत होता, आणि त्याच काळात या देशातले धान्य जहाजांतून विलायतेस जात होते. कोकणातल्या कुळाच्या दारिद्र्याचे खापरही असेच कित्येकदा त्याच्या मुलाबाळांवर फोडले गेले. खोताचा वाटा त्या हिशेबात येतच नसे. तो हिशेबात आणण्यासाठी आंबेडकरांना १९३७ साली खोतीविरोधी विधेयक मांडावे लागले आणि १९४९ चा कायदा व्हावा लागला.

असा हा माल्थस. परंतु १८३८ च्या शरदात एकोणतीस वर्षांच्या डार्विनने त्याचा प्रबंध वाचला, तेव्हा त्यातून त्याने वेगळेच काही घेतले. पृथ्वीचे वय अफाट आहे आणि आज चालू असलेल्या मंद प्रक्रियांनीच तिचे रूप घडले आहे, हे त्याला लायेलच्या १८३० नंतरच्या भूविज्ञानाच्या ग्रंथांनी शिकविले होते. देवगडच्या सड्यावरील जांभा पाहिला की ते पटते. काळ्या कातळाचा जांभा पाऊस आणि उष्णता यांनीच केला. त्याला काळ मात्र लाखो वर्षांचा लागला. सजीव बदलतात, हे लामार्कने १८०९ सालीच म्हटले होते. पशुपक्ष्यांच्या पैदाशीतून निवड कशी होते, हे डार्विन कबुतरे पाळणाऱ्यांकडून शिकला. येथल्या बागायतदाराला ते समजावून सांगावे लागणार नाही. कोयीपासून उगवलेले प्रत्येक रायवळ झाड आपली वेगळी चव घेऊन येते, हापूसचे कलम मात्र मातृवृक्षाचीच प्रत असते. म्हणजे आधी भेद हवा, मग निवड. निसर्गात निवड करणारा बागायतदार कोण, एवढाच प्रश्न उरला होता. त्याचे उत्तर डार्विनला माल्थसच्या गर्दीत सापडले: जन्मास येणारे पुष्कळ, जगणारे थोडे, आणि ज्यांचा लहानसा भेद परिस्थितीला मानवतो ते अधिक टिकतात. वॉलेसलाही १८५८ साली तापाने फणफणत असताना माल्थसच आठवला. दोघांची टिपणे १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचली गेली आणि पुढल्या वर्षी डार्विनचा ग्रंथ निघाला.

मार्क्सने या ग्रंथाचे प्रथम स्वागत केले. पुढे १८६२ साली एंगल्सला लिहिताना, डार्विनला प्राण्यांत इंग्लंडचा बाजारच दिसला, असा टोलाही त्याने हाणला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. कल्पना बाजारातून आली म्हणून ती निसर्गाबाबत खोटी ठरत नाही. आणि निसर्गाबाबत खरी ठरली म्हणून ती बाजाराचे समर्थनही ठरत नाही. ‘बलिष्ठ तोच टिकतो’ हा अर्थ स्पेन्सरच्या १८६४ च्या शब्दप्रयोगातून रूढ झाला; डार्विनच्या लेखी टिकणारा बलिष्ठच असावा लागत नाही. क्रोपोटकिनने १९०२ साली परस्परसाहाय्यावरील ग्रंथात याच मुद्द्यावर बोट ठेवले. बांगड्याला माल्थसचे गणित लागू पडते. रापणीचा दोर ओढणाऱ्यांना ते तसेच लागू पडत नाही, कारण तेथे मासळीचे वाटे पडतात.

म्हणूनच राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने केलेल्या काटछाटीविषयी चळवळीने मौन बाळगणे योग्य नव्हे. कोरोनाचे निमित्त करून वगळलेला उत्क्रांतीचा भाग २०२३ साली दहावीच्या पुस्तकातून कायमचा गेला. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रक काढले. बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्यांना हा विषय राहिला आहे, हे परिषदेचे उत्तर. पण दहावीनंतर होडीवर, बागेत किंवा मुंबईला कामावर जाणाऱ्या मुलांचे काय? डॉक्टर होणाऱ्याला उत्क्रांती आणि मजुराला काटछाट, ही वाटणी खोतीच्याच जातीची आहे. राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात आनुवंशिकता व उत्क्रांती हा पहिलाच पाठ आहे. अभ्यासक्रम पुन्हा बदलताना तो जाणार नाही, यावर प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आणि शिक्षक संघटनांनी लक्ष ठेवले पाहिजे.

देवगड तालुक्याला तर याची विशेष आठवण असावयास हवी. डार्विनचे जहाज २७ डिसेंबर १८३१ रोजी इंग्लंडहून निघाले. त्यानंतर दहाव्या दिवशी, ६ जानेवारी १८३२ रोजी, याच तालुक्यातील पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. १८४० साली त्यांनीच ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढून मराठी वाचकांपुढे भूगोल आणि पदार्थविज्ञान ठेवले, तेही शाळेची पायरी न चढलेल्यांना वाचून दाखविता येईल अशा भाषेत.