गोळ्या तीन डॉक्टरांच्या, पोट एकच

घरात सत्तरीच्या दादी किंवा नाना असले की उशाशी गोळ्यांचा डबा असतोच. बीपीची गोळी एका डॉक्टरांची, मनाच्या आजाराची दुसऱ्यांची आणि गुडघ्याची थेट मेडिकलमधून आणलेली. एकाने काय दिले, हे दुसऱ्याला ठाऊक नसते.

वय वाढते तशी मूत्रपिंडे मंदावतात, औषध अंगात जास्त वेळ राहते. मनाचे चढउतार सावरणारे लिथियम हे त्याचे ठळक उदाहरण. ते मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते. त्यासोबत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी दुखण्यावरची गोळी किंवा लघवी वाढवणारी बीपीची गोळी सुरू झाली, तर लिथियम रक्तात साचू शकते. सोलापूरच्या उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी झाले तरी तेच. मग हात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, तोल जातो, बोलणे असंबद्ध होते. घरचे म्हणतात, "आता वयच झालं!" आणि उपचाराची वेळ निघून जाते.

झोपेसाठी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम घेणाऱ्याला सर्दीची गुंगी आणणारी गोळी दिली, तर रात्री न्हाणीघराकडे जाताना पाय घसरून खुब्याचे हाड मोडू शकते. नैराश्यावरील एस्सिटॅलोप्राम आणि दुखण्यावरील ट्रामाडॉल यांची जोडीही धोक्याची. अल्प्राझोलाम आणि ट्रामाडॉल ही औषधे 2014पासून शेड्यूल एच-1मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत.

म्हणून घाबरून गोळ्या बंद करायच्या का? मुळीच नाही. झोपेची गोळी एकदम तोडल्यास झटकेही येऊ शकतात. करायचे ते एवढेच : सगळ्या औषधांची एक यादी करा, हकीमसाहेबांचे माजून आणि वैद्यांचे चूर्णही त्यात लिहा, आणि प्रत्येक डॉक्टरांना ती दाखवा. नवी गोळी सुरू झाल्यावर माणूस अचानक गोंधळला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

रमजानपूर्वीही डॉक्टरांना भेटा. सहेरी-इफ्तारच्या हिशेबाने गोळ्यांच्या वेळा आपल्या मनाने बदलू नका. आजाऱ्याला रोजा सोडण्याची सवलत आहे, ती घेण्यात संकोच कसला?

मनाच्या त्रासाबद्दल बोलायचे असेल, तर सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.