हत्तीचे आप्त आणि दहावीचे पुस्तक



एनसीईआरटीने इयत्ता दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातून उत्क्रांतीचा भाग वगळला, एप्रिल २०२३ मध्ये १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी जाहीर पत्र काढून त्याला विरोध केला आणि त्यावर बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहेच, असे उत्तर देण्यात आले. हे उत्तर मान्य होण्यासारखे नाही. दहावीनंतर कला, वाणिज्य वा तंत्रशिक्षणाकडे वळणाऱ्या आणि विज्ञान शाखेत जाऊनही जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलांचा उत्क्रांतीशी असलेला संबंध त्यामुळे सुरू होण्याआधीच संपतो आणि प्राणी जसा दिसतो तशीच त्याची नाती असणार, हा बाळबोध समज घेऊन ती मोठी होतात. हा समज किती फसवा आहे, हे आफ्रिकेतील प्राण्यांकडे पाहिले की कळते.

केपटाउनच्या टेबल माउंटनवर खडकांत उन्हाला पसरलेला हायरॅक्स हा तीन-चार किलो वजनाचा, आखूड कानांचा, बिनशेपटीचा प्राणी पाहणाऱ्याला सशाचा किंवा घुशीचा भाऊबंद वाटतो, आणि १७६६ साली पीटर पालास या निसर्गशास्त्रज्ञानेही त्याला गिनीपिगच्या गोतात बसवले होते. त्याचे शरीर मात्र वेगळीच, हत्तीशी जवळच्या नात्याची साक्ष देते. त्याच्या पुढच्या पायांना चार व मागच्या पायांना तीन बोटे असून बहुतेक बोटांवर अणकुचीदार नख्यांऐवजी खुरासारखी चपटी नखे असतात. वरच्या जबड्यातील पटाशीचे दोन दात जन्मभर वाढत राहतात, आणि हत्तीचे बाहेर आलेले दातही मुळात पटाशीचेच दात होत. नराची वृषणे हत्तीप्रमाणेच पोटात, मूत्रपिंडांजवळ राहतात. आणि सशाची मादी महिनाभरात विते, तर जवळपास तेवढ्याच आकाराच्या हायरॅक्सच्या मादीला सात महिने लागतात. हत्तीचा दुसरा जवळचा आप्त पाण्यात आहे. पश्चिम आफ्रिकेच्या नद्यांत पाणवनस्पतींवर जगणाऱ्या मॅनटी या प्राण्याच्या वल्ह्यासारख्या हातांवर हत्तीच्या पायाला असतात तशी नखे दिसतात, मादीचे स्तन हत्तिणीप्रमाणेच पुढच्या अवयवांच्या मुळाशी असतात आणि दाढा झिजल्या की मागून नव्या दाढा पुढे सरकतात. हायरॅक्सपासून हत्ती झाला, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. या तिघांचा पूर्वज एक होता आणि सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, एवढेच विज्ञान सांगते.

हाडे आणि दात यांवरून या तिघांची जवळीक पूर्वीही ओळखली गेली होती. खरा धक्का दिला तो डीएनएच्या अभ्यासाने. वाळवी खाणारा आर्डवार्क, वाळूखाली राहणारा सोनेरी मोल, मादागास्करातील काटेरी टेनरेक आणि लांब नाकाचा सेंगी हेही याच कुळातले निघाले आणि १९९८ साली या कुळाला ‘आफ्रोथेरिया’ म्हणजे आफ्रिकी सस्तन प्राणी हे नाव मिळाले. आर्डवार्क दक्षिण अमेरिकेतील मुंगीखाऊसारखा दिसतो, सोनेरी मोल युरोपातील मोलसारखा आणि टेनरेक हेजहॉगसारखा, पण ही साम्ये केवळ सारख्या जीवनपद्धतीमुळे वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे आली आहेत, आणि यालाच अभिसारी उत्क्रांती म्हणतात. मग साम्य कोणते खरे मानावे, असा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर फार सुंदर आहे. डीएनएचे काही लहान तुकडे स्वतःची नक्कल करून जनुकसंचात कुठेतरी घुसतात आणि पुढच्या पिढ्यांत तेथेच राहतात. एखाद्या पोथीच्या दोन प्रतींत एकाच ओळीत एकच लेखनदोष आढळला तर दोन्ही प्रती एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असे संशोधक ठरवतात, त्याच न्यायाने हत्तीत व आर्डवार्कात, टेनरेकमध्ये व हायरॅक्समध्ये आढळणारे आणि इतर सस्तन प्राण्यांत नसणारे असे तुकडे त्यांचे समान घराणे सिद्ध करतात. आफ्रिका खंड कोट्यवधी वर्षे समुद्राने वेढलेले राहिल्यामुळे हे घराणे तेथे एकाकी वाढले, हे भूगोलाचे ज्ञानही या पुराव्याशी जुळते.

आफ्रिकेतल्या प्राण्यांचे महाराष्ट्राला काय, असा आक्षेप येईल. पण दिसण्यावरून फसगत येथेही होते. तरस हा राज्याच्या माळरानांवर आजही आढळतो, कुत्र्यासारखा दिसतो म्हणून लेखांतून व बातम्यांतून त्याला सर्रास कुत्र्याच्या जातीचा म्हटले जाते, पण तो मुंगूस व मांजर यांच्या शाखेतला आहे आणि मुंगूसच त्याचा अधिक जवळचा नातलग आहे. दोडामार्ग आणि गडचिरोलीत येणारे हत्तीही मूळच्या आफ्रिकी घराण्यातलेच, आणि आशियाई हत्ती आफ्रिकी हत्तीपेक्षा नामशेष झालेल्या मॅमथला अधिक जवळचा आहे.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पाठ आहे, ही समाधानाची बाब आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्याचा अभ्यासक्रम बदलत असताना तो पाठ वगळू नये, उलट त्यात हत्ती, हायरॅक्स व मॅनटी यांचे उदाहरण डीएनएच्या पुराव्यासह समाविष्ट करावे, आणि एनसीईआरटीनेही वगळलेला भाग दहावीच्या पुस्तकात परत आणावा.