औषधाचा खाडा आणि नॅनोकण

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील लाखो ऊसतोड मजूर बिऱ्हाडासह पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. क्षयरोगाचा नेहमीचा उपचारही साधारण सहा महिन्यांचा, म्हणजे जवळपास अख्ख्या हंगामाचा. फडात कामाचा खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. गोळ्यांचे खाडे होत राहिले तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. त्यामुळे शरीरात ठरल्या गतीने झिरपणाऱ्या औषधाचे संशोधन हा या जिल्ह्यासाठी केवळ प्रयोगशाळेतील विषय उरत नाही.

या संशोधनातील प्रमुख पदार्थ म्हणजे पीएलजीए हे पॉलिमर. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांच्या साखळीतून ते तयार होते. (लॅक्टिक आम्ल साखरेच्या आंबवणीतून मिळते, हा योगायोग ऊसतोड्यांच्या जिल्ह्याने ध्यानात ठेवावा असाच.) त्याच्या अतिसूक्ष्म कणांत औषध कोंडले की शरीरातील पाण्याने साखळी हळूहळू तुटते, औषध सुटत जाते आणि उरलेल्या आम्लांचा शरीर निचरा करते.

चंडीगडच्या पीजीआय संस्थेत डॉ. जी. के. खुल्लर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये क्षयरोगाची तीन औषधे अशा नॅनोकणांत भरून उंदरांना पाजली. दर दहा दिवसांनी एक, अशा पाच मात्रांनंतर जंतू आढळले नाहीत. दोन दशके उलटली, तरी क्षयरुग्णाला आजही रोजच गोळ्या घ्याव्या लागतात.

याचे एक कारण मात्रेत आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगावरील ल्युप्रोलाइडचे पीएलजीएयुक्त मासिक इंजेक्शन अमेरिकेत १९८९ मध्येच मंजूर झाले. तेथे महिन्याला काही मिलिग्रॅम औषध पुरते. क्षयाची औषधे रोज शेकडो मिलिग्रॅम लागतात, तेवढी कणांत मावत नाहीत. दुसरे कारण बाजारपेठेचे. कर्करोगाच्या इंजेक्शनाला गिऱ्हाईक मिळते, फडातल्या रुग्णासाठी खर्च करणारा उद्योग विरळाच.

उद्या असे औषध आले, तरी एक प्रश्न उरेल. गोळी थांबवता येते; शरीरात टोचलेले महिनाभराचे औषध सहजासहजी परत काढता येत नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत बीडमधील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढल्याचे आढळले होते. अशा जिल्ह्यात दीर्घकाळ टिकणारे औषध देण्यापूर्वी रुग्णाला त्याचे परिणाम तिच्या भाषेत समजावले गेले पाहिजेत, आणि कारखान्याच्या तळाजवळील आरोग्य केंद्राकडे त्या मात्रेची नोंद आधीच पोहोचलेली असली पाहिजे.